रसग्रहण आणि युक्तिवाद : माध्यमिक-उच्च माध्यमिक स्तरावरील मराठी लेखनाध्यापनाचा इतिहास आणि नाशिकचा संदर्भ

प्रस्तावना

दहावी-बारावीच्या मराठी प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण एका विभागात असते आणि वैचारिक लेखन दुसऱ्या विभागात. रसग्रहणात विद्यार्थ्याने कवितेचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये नमूद करावीत अशी अपेक्षा असते. वैचारिक लेखनात त्याने पर्यावरण, वाचनसंस्कृती, प्रसारमाध्यमे अशा एखाद्या विषयावर आपले विचार मांडावयाचे असतात. पहिल्या प्रश्नात पुरावा समोर छापलेला असतो, पण मत मागितलेले नसते. दुसऱ्यात मत मागितलेले असते, पण पुरावा कोठून आणावा हे विद्यार्थ्यास ठाऊक नसते. एखाद्या साहित्यकृतीविषयी दुमत होऊ शकेल असे विधान करावे आणि त्या कृतीतील शब्द, प्रसंग व रचना यांच्या आधारे ते सिद्ध करून दाखवावे, असा प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे क्वचितच येतो.

याची झळ वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकांस प्रत्यक्ष पोहोचते. प्रथम वर्ष कला वर्गातील विद्यार्थी कवितेची स्तुती करू शकतो, कवीचा परिचय लिहू शकतो, अलंकार ओळखू शकतो. मात्र ‘या कवितेचा रूढ अर्थ तुम्हांस मान्य आहे काय?’ असे विचारले की तो गप्प होतो. ही त्याची बौद्धिक उणीव मानणे अन्यायाचे ठरेल. विश्लेषण आणि युक्तिवाद या दोन क्रिया मराठी शालेय शिक्षणात एकमेकींपासून कशा दूर गेल्या, याला इतिहास आहे. त्या इतिहासाचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला असून, नाशिक शहरातील काही संस्था व लेखक यांचा संदर्भ त्यासाठी विशेषत्वाने विचारात घेतला आहे.

टीका, निरूपण आणि ‘निबंध’ हा शब्द

साहित्यकृतीचे बारकाईने वाचन ही गोष्ट इंग्रजी शिक्षणाबरोबर मराठीत आली, असा एक समज दृढ आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही मुळात टीका आहे. एका ग्रंथातील प्रत्येक श्लोकाचा अर्थ लावण्याचा तो उद्योग आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात कीर्तनकार एखादे पद किंवा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो, शब्दाशब्दांवर थांबतो, शंका उपस्थित करतो, तिचे निरसन करतो आणि मग उत्तररंगात आख्यानाच्या द्वारे तोच सिद्धांत दृष्टांताने ठसवितो. विधान, विवरण आणि उदाहरण या क्रमाने चालणारी ही मांडणी निरक्षर श्रोत्यासही परिचयाची होती. संस्कृत पाठशाळांतून शिकविली जाणारी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची पद्धती तर युक्तिवादाची शिस्तच होती : प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडावे आणि नंतरच त्याचे खंडन करावे.

‘निबंध’ हा शब्दही याच परंपरेतला आहे. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे निरनिराळ्या वचनांचे संकलन करून, त्यांतील विरोध सोडवून, निर्णयाप्रत नेणारा ग्रंथ. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ आणि काशीनाथशास्त्री उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ हे असे निबंधग्रंथ होत. पाठ्य वचन पुढे ठेवणे, विरोधी मतांचा परामर्श घेणे आणि निर्णय देणे, ही तीन अंगे त्या शब्दाच्या जुन्या अर्थात अंतर्भूत होती. शाळेतला आजचा निबंध या तिन्ही अंगांना पारखा झाला आहे. ‘मी पक्षी झालो तर’ या विषयावर वचनही नाही, विरोधही नाही आणि निर्णयही नाही.

अर्थात या जुन्या परंपरेच्या मर्यादाही होत्या. टीकाकाराने मूळ ग्रंथाचा दोष दाखवावा, हे तिच्या कक्षेत सहसा बसत नव्हते. शिवाय ही शिस्त ज्या पाठशाळांत शिकविली जाई त्यांची दारे बहुसंख्य समाजास बंद होती.

शालापत्रक ते निबंधमाला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शाळांसाठी मराठी पद्याचे पाठ्यपुस्तक हवे होते. परशुरामपंत गोडबोले यांनी प्राचीन कवींच्या वेच्यांचा ‘नवनीत’ हा संग्रह १८५४ मध्ये सिद्ध केला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी मोरोपंत, वामन, श्रीधर हे कवी त्यातूनच वाचले. वेचे काढण्याचा एक परिणाम असा झाला की विद्यार्थ्यापुढे पूर्ण कृती येण्याऐवजी तिचा तुकडा आला. तुकड्याचा अन्वय लावता येतो, शब्दार्थ देता येतो, वृत्त ओळखता येते. तो तुकडा पूर्ण कृतीत काय काम करतो, हे मात्र सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकांची ही मर्यादा आजही पूर्णतः दूर झालेली नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८६५ मध्ये मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध केली. दादोबांचे मराठी व्याकरण १८३६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. व्याकरणकाराने काव्यटीकेकडे वळावे आणि तीही जुन्या टीकेच्या घाटात नव्या चिकित्सेची भर घालीत, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होय.

परंतु विश्लेषण आणि युक्तिवाद यांचा खरा मेळ बसला तो विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या लेखनात. आणि तो प्रथम बसला शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. ‘शालापत्रक’ हे शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघणारे मासिक विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री यांच्या देखरेखीखाली चालत असे. पुढे विष्णुशास्त्र्यांनी ते हाती घेतले आणि कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी या संस्कृत कवींवरील आपले प्रदीर्घ लेख त्यातून प्रसिद्ध केले. आधुनिक मराठी समीक्षेचा एक महत्त्वाचा आरंभ अशा रीतीने गावोगावच्या शिक्षकांच्या हाती पडणाऱ्या पत्रात झाला. त्यातील लेखनाने सरकारचा रोष ओढवला आणि १८७५ मध्ये ते पत्र बंद पडले.

तत्पूर्वीच, जानेवारी १८७४ मध्ये, ‘निबंधमाला’ सुरू झाली होती. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिति’, ‘विद्वत्त्व आणि कवित्व’, ‘वक्तृत्व’, ‘मोरोपंतांची कविता’ ही तिच्यातील काही निबंधांची नावे जरी पाहिली तरी भाषा, वाङ्मय आणि सार्वजनिक वाद हे विषय एकाच लेखणीच्या कक्षेत होते हे दिसून येते. मोरोपंतांवर लिहिताना विष्णुशास्त्री आक्षेपकाचे म्हणणे पुढे ठेवतात, कवितेतील स्थळे दाखवितात आणि मग आपला निर्णय देतात. त्यांचा पक्षपात, त्यांचा उपरोध, लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्यावरील त्यांच्या टीकेतील अन्याय्य कठोरता ही सर्व मान्य केल्यानंतरही लेखनाची ही रीत अभ्यासनीय ठरते. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. नोकरीचा राजीनामा देऊन १ जानेवारी १८८० रोजी त्यांनी टिळक प्रभृतींसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे त्याच वर्तुळातून आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण’ हा ग्रंथ १८८८ मध्ये लिहिला, आणि त्याच वर्षी ‘सुधारक’ही सुरू केला. वाक्याचे अवयव सुटे करणारी बुद्धी आणि रूढीचे अवयव सुटे करणारी बुद्धी एकाच गृहस्थाची होती. शाळांनी मात्र त्यातील पहिली तेवढी उचलली. वाक्यपृथक्करण परीक्षेचा नित्याचा प्रश्न झाला. ‘सुधारक’मधील युक्तिवाद वर्गाबाहेरच राहिला.

परीक्षेने केलेली वाटणी

असे का घडले, याचे एक उत्तर विद्यापीठाच्या परीक्षापद्धतीत सापडते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. आरंभीच्या काही वर्षांनंतर, १८६० च्या दशकात, मॅट्रिकच्या पुढील परीक्षांतून देशी भाषांस वगळण्यात आले व त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांनी घेतली. मराठी मॅट्रिकपर्यंत राहिली, पण जिला पुढे वाट नाही अशी भाषा म्हणून. ज्या विषयाचा उच्च अभ्यास होत नाही त्याच्या शालेय अध्यापनाला समीक्षेची भूमी लाभत नाही. मॅट्रिकच्या विद्यार्थ्याने वाङ्मयावर विचार करावयाचा तो इंग्रजी कवींच्या संदर्भात आणि इंग्रजी भाषेत. मराठीत त्याने भाषांतर करावे, व्याकरण सांगावे, अर्थ द्यावा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या स्थितीविरुद्ध दीर्घकाळ प्रयत्न केले. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारे त्यांचे इंग्रजी टिपण १८९८ मधील आहे. वाङ्मय समृद्ध आहे, सबब ते अभ्यासास योग्य आहे, हे त्यांना विद्यापीठाला पुराव्याने पटवून द्यावे लागले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. बी. ए. ला ती येण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

या क्रमाचा एक विचित्र परिणाम झाला. मराठी समीक्षा विद्यापीठाच्या शिखराकडून खाली उतरली. शाळेपर्यंत ती पोहोचली तेव्हा तिचे स्वरूप मतांच्या सारांशाचे झाले होते. रस, अलंकार, वृत्त, गुण, दोष ही परिभाषा पोहोचली. त्या परिभाषेने ज्या वादांत काम केले ते वाद पोहोचले नाहीत. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांतून रसग्रहणात्मक पाठाचा स्वतंत्र प्रकार रूढ झाला आणि प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन अशा हर्बार्टप्रणीत पायऱ्यांवर त्याचे टाचण काढले जाऊ लागले. कवितेने विद्यार्थी भारून जावा हा त्या पाठाचा हेतू असे. हेतू चांगलाच होता. मात्र भारून गेलेल्या विद्यार्थ्यास ‘कशामुळे?’ असे विचारण्याची पायरी टाचणात राहिली नाही.

नाशिक : वर्गाबाहेरील युक्तिवाद

शाळेत ज्यास जागा नव्हती ते शहराने अन्यत्र केले, याचे नाशिक हे चांगले उदाहरण होय. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० मधील. म्हणजे मुंबई विद्यापीठाहून ते सतरा वर्षांनी जुने आहे. नियतकालिके, ग्रंथ आणि त्यांवरील चर्चा यांची एक परंपरा त्यामुळे शहरात अगोदरच होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिळभांडेश्वर गल्लीत मित्रमेळ्याच्या साप्ताहिक बैठका भरू लागल्या. शाळकरी व नुकतेच शाळा सोडलेले तरुण तेथे एखादा विषय घेऊन बोलत, इतरांनी त्यावर आक्षेप घ्यावयाचे, मग समारोप व्हावयाचा. विनायक दामोदर सावरकर त्या वेळी नाशिकच्या हायस्कुलातील विद्यार्थी होते व १९०१ मध्ये ते मॅट्रिक झाले. मित्रमेळ्याच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात आणि आहेतही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, त्या वयाच्या मुलांना युक्तिवादाची भूक होती आणि ती भागविण्याची सोय वर्गात नव्हती.

सरकारने ही भूक ओळखली ती बंदी घालण्यासाठी. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी-शिक्षकांच्या राजकीय सभांतील सहभागावर निर्बंध आणले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगप्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. वध करणारा अनंत कान्हेरे अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्यानंतरच्या खटल्यांनी व तपासांनी शहराचे वातावरण बदलून गेले. अशा काळात वर्गामध्ये वादविषय घेणे शिक्षकास परवडणारे नव्हते. निरुपद्रवी विषयांवरील निबंधाची सोय या पार्श्वभूमीवर अधिक समजू शकते. ऋतुवर्णन, आत्मवृत्त, कल्पनाविलास यांत कोणाचे काही बिघडत नाही.

पुढे शहरातील वाद आणि व्याख्यान यांना गोदाकाठी निश्चित जागा मिळाली. १९२० च्या दशकात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. उन्हाळ्याच्या सुटीत परीक्षा आटोपलेला मुलगा तेथे वाळूत किंवा घाटाच्या पायरीवर बसून व्याख्याने ऐके, गुणांसाठी नव्हे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिकात महाविद्यालय काढले व तेच पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. न्यू इंग्लिश स्कूलमधून, म्हणजे आजच्या रुंगटा हायस्कूलमधून, मॅट्रिक झालेले विष्णु वामन शिरवाडकर याच महाविद्यालयात शिकले. काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात त्यांनी तरुणपणी भाग घेतला. मंदिरात कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हा त्या काळी नाशिकमधील सर्वांत मोठा वादविषय होता. १९३० ते १९३५ अशी पाच वर्षे तो रस्त्यावर लढला गेला. त्या वर्षांतील शालान्त निबंधांच्या विषयांत त्याचा मागमूस नसावा, असे मानण्यास हरकत नाही.

मंडळ, दहा अधिक दोन आणि तयार उत्तरे

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्याने नाशिकची महाविद्यालये मुंबईऐवजी पुण्याकडे आली. राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी आणि ‘बालभारती’ २७ जानेवारी १९६७ रोजी अस्तित्वात आली. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन हा आकृतिबंध स्वीकारला गेला, आणि अकरावी-बारावीचे वर्ग कोठे हायस्कुलास तर कोठे वरिष्ठ महाविद्यालयास जोडले गेले. ‘युवकभारती’ हे त्या वर्गांचे मराठीचे पुस्तक. कनिष्ठ महाविद्यालयाचा शिक्षक शाळेचा की महाविद्यालयाचा, हा प्रश्न प्रशासकीय पातळीवर मिटला असला तरी अध्यापनपद्धतीच्या बाबतीत तसाच राहिला. शाळेची प्रश्नोत्तरे त्याने सोडली, महाविद्यालयाची समीक्षा त्याला वेळेअभावी घेता आली नाही.

परीक्षार्थींची संख्या लाखोंवर गेल्यावर उत्तरे एकसारखी तपासली जावीत, ही मागणी न्याय्यच होती. परंतु एकसारखे तपासण्यासाठी उत्तराचे मुद्दे आधी ठरवावे लागतात. मुद्दे ठरले की ते मार्गदर्शक पुस्तकांत छापले जातात. छापले गेले की विद्यार्थी ते पाठ करतो. रसग्रहणासारखा वैयक्तिक अनुभवाचा प्रकारही अशा रीतीने पाठांतराचा विषय झाला. कवितेत रूपक आहे हे विद्यार्थी लिहितो. त्या जागी उपमा असती तर काय बिघडले असते, हे तो सांगू शकत नाही.

या दुष्टचक्राची जाणीव मंडळास नव्हती असे म्हणता येणार नाही. दहावीसाठी २०१८, अकरावीसाठी २०१९ आणि बारावीसाठी २०२० मध्ये आलेल्या नव्या पाठ्यपुस्तकांबरोबर कृतिपत्रिकेचे स्वरूप दृढ झाले. ‘स्वमत’ आणि ‘अभिव्यक्ती’ हे प्रश्नप्रकार आले. अकरावीत नाटक व बारावीत कथा या साहित्यप्रकारांचा स्वतंत्र परिचय देण्यात आला. वेच्यांच्या परंपरेत ही सुधारणा महत्त्वाची होती. ‘स्वमत’ हा शब्दच चिपळूणकरी परंपरेला जवळचा आहे. मात्र मत कशाच्या आधारावर मांडावे याची अट प्रश्नात स्पष्टपणे नसल्याने, स्वमताच्या उत्तरांत पुष्कळदा पाठाचाच सारांश येतो किंवा सर्वमान्य सुविचार येतात.

याच सुमारास घडलेली दुसरी एक गोष्ट विसरता येत नाही. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांतील वीस गुणांची तोंडी परीक्षा वगळून पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढील वर्षी अंतर्गत गुण पुन्हा देण्यात आले. तोंडी परीक्षेच्या गुणदानावरील उदारतेचा आक्षेप खरा होता. पण आक्षेप गुणदानावर होता; शिक्षा मात्र बोलण्याला झाली. विद्यार्थ्याने उभे राहून आपले म्हणणे मांडावे आणि त्यावर प्रश्न विचारला जावा, अशी एकमेव अधिकृत संधी तेवढीच होती, आणि तिचा विचार त्या चर्चेत क्वचितच झाला.

दोन कृती, दोन प्रश्न

विश्लेषण आणि युक्तिवाद एकत्र शिकविणे वर्गात शक्य आहे काय, हे नाशिकच्याच कवीच्या दोन कृतींवरून पाहता येईल. कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. पुरात घर गमावलेला जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, झालेली हानी सांगतो, पैशाची मदत नाकारतो आणि पाठीवर हात मागतो. ‘स्वाभिमान हा या कवितेचा विषय आहे’ असे उत्तर सर्वत्र लिहिले जाते. ते चूक नाही. पण वर्गात तीन निरीक्षणे नोंदवून घेतल्यास त्या उत्तराला फाटे फुटतात. एक, संपूर्ण कवितेत सर एकही शब्द बोलत नाहीत. त्यांची फक्त एक हालचाल सांगितली आहे, खिशाकडे जाणारा हात. दोन, पाहुणा हसतो, आणि हानी सांगण्याआधीही हसतो. तीन, घर उद्ध्वस्त करणाऱ्या नदीचे वर्णन तो माहेरी आलेल्या मुलीच्या उपमेतून करतो. नाशिकच्या बोलीत गोदावरीला गंगाच म्हणतात, ‘गंगेवर जाणे’ म्हणजे गोदाघाटावर जाणे; त्यामुळे पुराविषयीचे ते आप्तभावाचे बोलणे येथील विद्यार्थ्यास समजावून सांगावे लागत नाही. या निरीक्षणांनंतर प्रश्न असा विचारता येतो : पाहुणा काही मागण्यासाठी आला होता की नव्हता? तो एकटेपणाची कबुली देतो, म्हणजे त्याला गरज आहे. मग ही कविता स्वाभिमानाची की गरजेची? सरांचा हात खिशाकडे गेला ही त्यांची चूक, की एका भल्या माणसाची साहजिक प्रतिक्रिया? विद्यार्थ्याने कोणतीही बाजू घ्यावी; अट एकच, प्रत्येक विधानामागे कवितेतील जागा दाखविली पाहिजे. अशा उत्तरात उपमेचा उल्लेख अलंकाराच्या यादीत न येता पुरावा म्हणून येतो. पुराकडे माहेरवाशीण म्हणून पाहणारा माणूस दया मागणार नाही, असे एक विद्यार्थी लिहील. आणि तीच उपमा त्याचे दुःख लपविण्याचे साधन आहे, असे दुसरा.

‘नटसम्राट’ (१९७०) हे नाटक युक्तिवादासाठी आणखी सोयीचे आहे. गणपतराव बेलवलकर निवृत्तीच्या वेळी आपली सर्व मिळकत मुलांना वाटून देतात, पुढे मुलाच्या व मुलीच्या घरी अवमान सोसतात आणि अखेर घराबाहेर पडतात. मुलांची कृतघ्नता हे या शोकांतिकेचे कारण, असे सामान्य वाचन आहे. परंतु सगळे देऊन टाकू नये असे कावेरी आधीच सुचविते, आणि गणपतराव ते मानीत नाहीत. घराघरातील शिस्त आणि नटाचा मोकळेपणा यांचा खटका दोन्ही बाजूंनी उडत राहतो. मुलीच्या घरी चोरीचा संशय येतो तो प्रसंग मात्र वेगळ्या वजनाचा आहे. तेथे गणपतरावांच्या स्वभावाकडे बोट दाखवून भागत नाही. ‘बेलवलकरांच्या शोकांतिकेस ते स्वतः किती जबाबदार आहेत?’ या प्रश्नावर सतरा वर्षांचा विद्यार्थी सहज पाचशे शब्द लिहू शकतो, कारण घरातील वृद्ध आणि वाटणी हे त्याने पाहिलेले असते. घरचा अनुभव आणि नाटकातील पुरावा यांतील फरक ओळखावयास शिकविणे, हे मात्र शिक्षकाचे काम. ‘माझ्या शेजारी असे घडले’ हे वाक्य नाटकाविषयी काहीच सिद्ध करीत नाही.

अशा अध्यापनास उपयुक्त विचार बाहेरही उपलब्ध आहेत. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवीचे नाव काढून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांचे विश्लेषण १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. नाव काढताच विद्यार्थ्यांची मते किती डळमळतात, हे त्यातून दिसले. स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची घटना उलगडताना दावा, आधार आणि त्या दोहोंना जोडणारे गृहीतक असे भाग केले. पूर्वपक्षाची सवय असलेल्या परंपरेला हे परके वाटू नये. टूलमिनच्या आकृतीपेक्षा ‘आधी विरुद्ध बाजू तिच्या शब्दांत सांगा’ ही जुनी अट बारावीच्या वर्गात लवकर समजते, असेही म्हणता येईल.

शाळेचा शिक्षक असे काम करू शकेल काय, ही शंका घेतली जाते. नाशिकबाहेरचे, मराठवाड्यातील, एक उदाहरण तिचे उत्तर देण्यास पुरेसे आहे. नरहर कुरुंदकर १९५५ ते १९६३ या काळात नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक होते. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार अनुत्तीर्ण झाले होते, आणि तरीही याच वर्षांत समीक्षक म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्रभर होत होती. प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहून नेटकेपणाने मांडून मग तिची चिकित्सा करण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे. ज्या परीक्षेने त्यांना नापास ठरविले ती परीक्षा या हातोटीचे मोजमाप करीत नव्हती.

अडचण वेळेची आणि तपासणीची आहे, व ती काल्पनिक नाही. साठ-सत्तर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचा युक्तिवाद वाचून त्यावर अभिप्राय लिहिणे आणि त्याच्याकडून दुसरा खर्डा करवून घेणे, हे आठवड्याच्या ठरावीक तासिकांत बसत नाही. त्यातच उच्च माध्यमिक स्तरावर विज्ञान शाखेतील अनेक विद्यार्थी दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतात आणि मराठीचा त्यांचा औपचारिक अभ्यास दहावीतच थांबतो. २०२० च्या कायद्याने शाळांत मराठी अनिवार्य केली ती दहावीपर्यंत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रानड्यांच्या काळी मॅट्रिकपुढे मराठीला वाट नव्हती. आज वाट आहे, पण ज्या वयात स्वतःचे मत बनू लागते नेमक्या त्या वयात विद्यार्थी ती सोडतो. आणि जो सोडीत नाही त्याच्या हाती रसग्रहणाचे तीन ठरलेले मुद्दे असतात. कृतिपत्रिकेतील ‘स्वमत’ या प्रश्नास ‘पाठातील दोन स्थळांच्या आधारे’ एवढे शब्द जोडण्यासाठी नवे पुस्तक लागत नाही, नवी तासिकाही लागत नाही. परीक्षकांच्या सूचनापत्रात मात्र एक बदल करावा लागेल : परस्परविरुद्ध अशी दोन उत्तरे, दोन्ही साधार असल्यास, सारख्याच गुणांस पात्र आहेत, असे तेथे लिहावे लागेल.